मौनगृहातला स्वयंपाक

लोणावळ्याला मिशनच्या जुन्या बंगल्यात हौशीराम थोरात मास्तर मौनगृह चालवत असत. तिथल्या शांततेचे आमच्या ख्रिस्ती मंडळीत फार कौतुक होते. पुण्याहून, मुंबईहून बाया येत, तीन दिवस तोंड मिटून बसत आणि घरी जाताना म्हणत, मास्तरांनी काय शांतता निर्माण केली आहे! ती शांतता निर्माण करत असत अंबूबाई, मास्तरांची बायको. भाकऱ्या करत तशीच त्या शांतताही पहाटे उठून करत. पितळेची भांडी वाजतात म्हणून ती पाटीत घालून ओढ्यावर घासायला नेत. कोंबडा आरवतो म्हणून सगळ्या कोंबड्या बाजारच्या दिवशी देऊन टाकल्या, आणि नंतर 'आपल्याकडे हल्ली अंडी का नसतात?' हे मास्तरांचे विचारणेही ऐकून घेतले. मिरची कुटायची, भात कांडायचा, तेही शेजारच्या बदरुन्निसाच्या ओसरीवर.

बदरुन्निसा ही रेल्वेत फिटर असलेल्या अल्लाबक्षची बायको. तिची जीभ चांगली धारेची होती.

“तुज्या मास्तरचे कान दुखत्यात का गं अंबूबाई?” ती विचारी.

“कान न्हाई दुखत,” अंबूबाई मुसळ उचलत म्हणत. “आवाज आला म्हंजी कुनीतरी काम करतंय ह्ये कळतंय. त्ये सोसत न्हाई त्यांस्नी.”

मास्तरांचे वडील मूळचे मावळातल्या कान्हे गावचे. लोहमार्गाच्या दुरुस्तीच्या टोळीत कामाला लागून ते लोणावळ्याला आले आणि तिथेच ख्रिस्ती झाले. साधा, कष्टाळू माणूस होता म्हणतात. मुलगा मिशनच्या शाळेत शिकला. त्याने सिग्नलवर लागावे अशी बापाची इच्छा होती, पण मुलाचा हात चित्रकलेत बरा होता. पुण्याला जाऊन त्याने चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या. त्यांतल्या एका परीक्षेत एक सुरई, शेजारी दोन लिंबे आणि मागे चुण्या पडलेला रुमाल असे काढायला आले होते. ते हौशीरामांनी उत्तम काढले. पुढे जन्मभर ते एवढेच उत्तम काढू शकले. माणूस काढायला घेतला तर तोही खांद्यापासून खाली सुरईसारखा होई.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते मिशनच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. हेडमास्तरांनी एक दिवस खालच्या वर्गाचे अंकगणितही घ्यायला सांगितले. आपला आत्मा अंकगणितात रमत नाही, असे कारण देऊन मास्तरांनी नोकरी सोडली. आत्मा मग दोन वर्षे घरी बसला. तेवढ्या काळात अंबूबाई वलवणच्या बाजूला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यात स्वयंपाकाला जात. मुक्ता तेव्हा पाळण्यात होती.

त्याच सुमारास विलायतेहून एक वयस्क मडम हवापालटासाठी आली. शांत बसून चिंतन करायचे, मनात जे उमटेल ते रंगांनी कागदावर काढायचे आणि एखाद्या जाणत्या माणसाने ते पाहून आत्म्याला पुढची वाट दाखवायची, असा तिचा परिपाठ होता. ती बाई स्वतः फार चांगली होती, असे तिला भेटलेल्या सगळ्यांनी सांगितले. कागदाकडे पाहून ती फारसे बोलत नसे. उलट समोरच्यालाच विचारी, “हे काढताना तुला काय वाटलं?” आणि मग ऐकत राही. मास्तरांनी तिला आपली सुरई दाखवली. मडम म्हणाली, “या सुरईत प्रार्थना आहे.” मडम विलायतेला परत गेली आणि बहुधा सुरई विसरली. मास्तर त्या एका वाक्यावर उरलेले आयुष्य जगले.

मिशनला बंगल्याची देखरेख करायला माणूस हवा होता. मास्तरांना ती जागा मिळाली. मिशनच्या लेखी ते बंगल्याचे रखवालदार होते. स्वतःच्या लेखी ते आत्मिक वाटाडे होते. बंगल्याला 'मौनगृह' हे नाव त्यांनीच दिले आणि पाहुण्यांना तीन दिवसांच्या मौनाला बसवायला सुरुवात केली. पहिल्या सकाळी ते एक वचन वाचत. मग सगळ्यांनी चटयांवर बसायचे. दुपारी कागद, रंगाच्या वड्या आणि कुंचला. शेवटच्या दिवशी सगळी चित्रे एका सतरंजीवर मांडायची आणि मास्तर एकेका चित्रासमोर डोळे मिटून उभे राहून त्याचा अर्थ सांगत. याला ते चित्रवाचन म्हणत. मडम विचारत असे, मास्तर सांगत असत. तिच्याकडून शिकताना नेमके हेच त्यांच्या हातून निसटले, आणि ते निसटले आहे हे त्यांना कधी कळले नाही.

त्यांचे अर्थ ठरलेले होते. पाखरू असले तर आत्मा. पाणी असले तर बाप्तिस्मा. डोंगर असला तर परीक्षा, आणि मावळात बसून चित्र काढणाऱ्या बाईच्या कागदावर डोंगर यायचाच, त्यामुळे परीक्षेत प्रत्येकजण असे. एका शिक्षिकेने घरी राहिलेल्या मांजराची आठवण येऊन मांजर काढले. मास्तरांनी त्यात यहूदाचा सिंह, म्हणजे खुद्द ख्रिस्त, पाहिला. बिचारी घाबरली आणि घरी गेल्यावर कितीतरी दिवस मांजराला जवळ घेईना. घाटात विजेची इंजिने आली आणि धुराच्या इंजिनांचा धापा टाकण्याचा आवाज कमी झाला, तेव्हा हे आपल्या प्रार्थनेचे उत्तर आहे असे मास्तरांनी उपासनेत उभे राहून सांगितले. रेल्वेने एवढा खर्च मास्तरांच्या मौनासाठी केला, हे ऐकून अल्लाबक्ष फिटर बरेच दिवस हसत होता.

तरी बाया येत. आणि रडून, हलक्या होऊन जात. मला याचे आधी नवल वाटे, मग वाटेनासे झाले. ज्या बाईला घरात 'मीठ कमी आहे' यापलीकडे कुणी काही बोलत नाही, तिने काढलेला कागद एक माणूस पाच मिनिटे डोळे मिटून का होईना पण समोर धरतो, एवढ्यानेच तिला भरून येई. ते भरून येणे खरे असे. मास्तर ते आपल्या खात्यावर जमा करत.

मौनगृहाचा एक नियम होता आणि तो मास्तरांनी फार कडक ठेवला होता. मौनात बसलेल्याला हाक मारायची नाही, खुणावायचे नाही, कुठलेही काम सांगायचे नाही. तो स्वतःहून उठला आणि काम करू लागला, तर त्याला परत चटईवर पाठवायचे. एकदा एक पाद्रीणबाई सवयीने ताटे उचलायला लागल्या, तर मास्तरांनी बोट वर करून त्यांना बसवले होते. ताटे अर्थात मुक्ताने उचलली.

मुक्ता सतरा वर्षांची झाली. मराठी सातवीची फायनल पास झालेली, अंगाने दणकट, डोक्याने शांत. पाहुण्यांची अंथरुणे घालणे, पाणी तापवणे, रंगाच्या वाट्या धुणे, मास्तरांची पत्रे लिहिणे हे सगळे तीच करी. तिला नर्सिंग शिकायचे होते. मिशनच्या इस्पितळातल्या मेट्रन नंदाबाई एकदा मंडळीत आल्या होत्या. मुक्ताने घसरून पडलेल्या एका पोराचा पाय बांधलेला त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, “जूनपासून जागा आहे. पण आमच्याकडे एक रीत आहे. मुलीला देवाकडून या कामाचं पाचारण आहे, असं तिच्या आत्मिक मार्गदर्शकानं सांगावं लागतं. तुझा मार्गदर्शक कोण?”

मुक्ताने मान खाली घालून सांगितले, “बाबाच.”

मास्तरांनी लगेच नाही म्हटले नाही. नाही म्हणायला कारण द्यावे लागते. ते म्हणाले, “आपण कोण ठरवणारे? तू मौनात बस. प्रभू जे दाखवील ते कागदावर काढ. मी वाचीन.”

मुक्ता बसली. तिने आगगाडी काढली, खंडाळ्याच्या बोगद्याकडे जाणारी.

मास्तर डोळे मिटून म्हणाले, “बोगदा. अंधार. प्रभू तुला इशारा देतो आहे.”

महिन्याभराने ती पुन्हा बसली. पांढऱ्या लुगड्यातली, हातात दिवा घेतलेली बाई तिने काढली. मास्तरांना दिवा आवडला. “दिव्याचं काम काय? घरातल्यांना उजेड देणं. घरातल्यांना, हे लक्षात घे.”

तिसऱ्या खेपेला तिने कागद कोराच दिला. मास्तरांनी तोही वाचला. “प्रभू अजून काही बोललेला नाही. तोवर आहेस तिथेच राहा.”

मुलगी त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन आईपाशी बसली. “आई, मी काही काढलं तरी त्याचं घरच होतं गं.”

अंबूबाई भाकरी थापत राहिल्या. पण त्यांना खरे कारण माहीत होते, कारण दोनच दिवसांपूर्वी जेवताना मास्तर बोलून गेले होते, “मुक्ता गेली तर पाहुण्यांची अंथरुणं कोण घालणार?” आणि मग घास गिळून, “म्हणजे, प्रभूच्या मनात काय आहे ते पाहायला हवं,” असे त्यांनी पुढे जोडले होते. मास्तरांच्या तोंडून आधी घर निघे आणि मागून प्रभू.

जागा जूनपर्यंतच राखून ठेवलेली होती. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवाराच्या आधी, मार्च संपता संपता, एक मौन ठरलेले होते. त्याला खुद्द मेट्रन नंदाबाई येणार होत्या. इस्पितळात फार थकवा आला आहे, तीन दिवस कुणी काही विचारणार नाही अशी जागा हवी, असे त्यांनी कळवले होते. त्यांच्याबरोबर मुलींच्या शाळेतल्या दोन शिक्षिका, आणि सरुबाई. या सरुबाई एका पाळकाच्या विधवा, मास्तरांच्या मोठ्या भक्त. मास्तरांनी विचार केला की मुक्तालाही या वेळी चौथ्यांदा बसवावे. म्हणजे प्रभूचा नकार मेट्रनबाईंच्या डोळ्यांसमोरच होईल आणि विषय संपेल. स्वयंपाकपाण्याला अंबूबाई होत्याच. त्यांना यात विचारण्यासारखे काही होते असे मास्तरांच्या मनातही आले नाही.

संध्याकाळी सगळ्या दिवाणखान्यात जमल्या. प्रत्येकीने चटई घेतली. मास्तर प्रार्थना करून म्हणाले, “आता यापुढे शब्द नाही,” आणि तेवढ्यात अंबूबाई आतून आल्या, त्यांनी कोपऱ्यातल्या चवडीतली एक चटई ओढली आणि मुक्ताच्या शेजारी अंथरली.

“हे काय?” मास्तर म्हणाले.

“मीबी बसते.”

“तू?” मास्तर हसले. पाहुण्यांकडे पाहून हसले. “अगं, तुझी सेवा निराळी आहे. मार्थेची सेवा. प्रभू घरी आला तेव्हाही ती रांधत होती. चुलीपाशी तुझं मंदिर.”

“दार समद्यांला उघडं हाय म्हंता की तुमी. दर बारीला म्हंता.”

सरुबाईंचे डोळे पाण्याने भरले. “मास्तर, मार्थेलाच तर प्रभूनं सांगितलं होतं ना, काम राहू दे, बस म्हणून? किती वर्षांनी ही माउली बसते आहे!” सरुबाई हे अगदी मनापासून बोलल्या. त्या बाईला कावा कशाशी खातात हे ठाऊक नव्हते, आणि म्हणून त्यांच्यापुढे मास्तरांचे काही चालले नाही.

“बस,” मास्तर म्हणाले. रांधायच्या वेळी उठेलच, असा त्यांचा हिशेब होता.

अंबूबाई भिंतीला पाठ टेकून बसल्या, पदर अंगाभोवती घेतला आणि झोपी गेल्या. नाटक नव्हते ते. लग्न झाल्यापासून त्या दिवसाउजेडी कधी बसल्याच नव्हत्या, बसल्याबरोबर झोप लागली. सरुबाईंना ती समाधी वाटली. त्या आपले चिंतन सोडून अंबूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

जेवणाची वेळ झाली. मास्तर खाकरले. मग दिवाणखान्यातून दोनदा येरझारा घातल्या. बायकोला हाक मारायची सोय नव्हती, मुलीला खुणावायची सोय नव्हती, आणि मेट्रनबाई डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. शेवटी मास्तर स्वयंपाकघरात गेले.

तांदूळ कुठल्या डब्यात आहेत इथपासून तयारी होती. डबे एकामागून एक उघडले जात होते आणि झाकणे फरशीवर पडत होती. लाकडे नुकती तोडलेली, ओलसर होती, ती आधी चुलीच्या उबेला ठेवावी लागतात. धूर स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आला. फुंकणीने फुंकायचे असते, ती मास्तरांनी उलटीकडून ओढली की काय कोण जाणे, त्यांना असा ठसका लागला की दोन्ही शिक्षिका चटईवरून अर्ध्या उठल्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले. डोळे लाल, चष्म्यावर राख. बोट वर करून त्यांनी शिक्षिकांना बसवले. नियम नियम होता.

भात वाढला गेला. तांदूळ निवडून घ्यायचे असतात हे मास्तरांना ठाऊक नव्हते. इतर कुठल्या घरी जेवताना खडा लागला तर त्याचा आवाज बोलण्यात बुडून जातो. मौनगृहात प्रत्येक खडा सगळ्यांनी ऐकला. नंदाबाई इस्पितळातले जेवण जेवत आल्या होत्या, त्या चेहऱ्यावरची रेष न हलवता जेवल्या. सरुबाईंनी ताट बाजूला सारण्याआधी हात जोडले, बहुधा हेही काहीतरी सोसण्यासाठी दिलेले आहे असे समजून.

दुसऱ्या दिवशी मास्तर बदरुन्निसाच्या ओसरीशी गेले. ते तिच्याशी एरवी बोलत नसत. तिच्या मुसळाचा आवाज त्यांना त्रास देई.

“जरा अडचण आहे,” ते म्हणाले.

“काय झालं? अंबूबाई कुटं हाय? आज मिरची कुटायला आली न्हाई.”

“मौनात आहे.”

बदरुन्निसाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे नीट पाहून घेतले. “आन् मुक्ता?”

“तीही.”

“मंग तुमीबी बसा की मास्तर. घरात चूल कुनी पेटवायचीच न्हाई म्हनलं तर धूर न्हाई, आवाज न्हाई, काय न्हाई. लय भारी शांतता व्हईल.”

“पाहुणे आहेत घरात,” मास्तर म्हणाले. “भाकरी...”

“भाकरी कशी करत्यात त्ये सांगू? आधी पानी तापवायचं.” तिने खरेच सगळे सांगितले, अगदी लहान मुलाला सांगावे तसे, आणि मास्तरांना उभ्याने ऐकून घ्यावे लागले. शेवटी पातेलेभर डाळ दिली. “ही त्या बायांसाटी. उपाशी मरतील बिचाऱ्या. तुमी न्हाई घ्यायची.”

मास्तरांनी घेतली की नाही ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसाचे पाणी त्यांनी विहिरीवरून स्वतः आणले, हे सगळ्या रस्त्याने पाहिले. घागर खांद्यावर घ्यावी की कमरेवर, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. घरात पोचेपर्यंत घागर अर्धी आणि मास्तर पूर्ण भिजलेले होते.

त्या दिवशी अंबूबाई जाग्या झाल्या. थोडा वेळ नुसत्या बाहेर बघत बसल्या. अंगणातल्या करवंदीच्या जाळीत एक साळुंकी काड्या नेत होती, ती पाहत बसल्या. त्यानंतर त्यांनी कागद ओढून घेतला. कुंचला धरायची सवय नव्हती, तेव्हा रंगाच्या वडीवर पाणी टाकून बोटानेच काढायला लागल्या. मध्येच मुक्ताने त्यांच्या कागदाकडे पाहिले आणि झटकन तोंड फिरवून आपल्या कागदात घातले. तिचे खांदे हलत होते. सरुबाईंना वाटले, मुलगी रडते आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मौन सुटले. सतरंजीवर चित्रे मांडली. मास्तर तोवर वाळून गेले होते. हाताला दोन फोड होते. पण चित्रे समोर आल्यावर त्यांना पुन्हा जोर आला. शिक्षिकांच्या दोन डोंगरांना त्यांनी परीक्षा ठरवले. सरुबाईंच्या कबुतराला आत्मा ठरवले. नंदाबाईंनी ओळीने चौकोन काढले होते.

“कबरी,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “पण पाहा, रिकाम्या. पुनरुत्थान.”

“खाटा आहेत त्या, मास्तर,” नंदाबाई म्हणाल्या. “माझ्या वॉर्डातल्या. मी तीन दिवस दुसरं काही आठवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.”

मास्तर पुढे सरकले. मुक्ताने या वेळी घरच काढले होते. हाच बंगला. कौले, पायऱ्या, पुढचे दार, खिडक्या, सगळे जसेच्या तसे. तिला वाटले असेल की सगळ्याचे घरच होणार तर घरच देऊन टाकावे. मास्तरांचा चेहरा उजळला.

“पाहा मेट्रनबाई! मी एक शब्द बोललो नव्हतो. प्रभूनं तिला काय दाखवलं? घर.”

मुक्ता जमिनीकडे पाहत होती. मास्तर समाधानाने शेवटच्या कागदाकडे वळले आणि थांबले.

अंबूबाईंच्या कागदावर एक चूल होती. तिच्यातून काळे काळे लोट निघाले होते, कागदाच्या वरच्या काठापर्यंत. चुलीपुढे एक आकृती उकिडवी बसलेली. तिला दोन मोठाले गोल डोळे होते, म्हणजे चष्मा. डोळ्यांखाली दोन लांब रेघा काढल्या होत्या.

आता डोळे मिटून उभे राहण्याची वेळ होती. मास्तरांनी डोळे मिटले. सवयीचे शब्द आले. “वेदी. धूप. आणि वेदीपुढे सेवा करणारा एक... एक याजक.”

“व्हय,” अंबूबाई म्हणाल्या. “आन् त्या याजकाच्या डोळ्यांतनं पानी चाललंय. धूर सोसंना त्याला.”

एक शिक्षिका आधी हसली. मग दुसरी. सरुबाई 'अगं बाई' म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. पण पदराच्या आत त्याही हसत होत्या. मास्तर डोळे मिटूनच उभे राहिले, कारण उघडले तर काय करायचे हे त्यांना ठाऊक नव्हते.

नंदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मास्तर, मला दुपारच्या गाडीनं जायचं आहे. मुक्ताला पाचारण आहे की नाही, तेवढं सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी जागा दुसऱ्या मुलीला देते. मी पुन्हा विचारणार नाही.”

मुक्ताने पहिल्यांदा मान वर केली. मास्तर नाही म्हणू शकत होते. घराचे चित्र समोर होते, वाचून झाले होते, चार जणींनी ऐकले होते. त्यांनी तोंड उघडलेही.

“घाई न्हाई,” अंबूबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या. “अजून कळत नसंल परभूच्या मनातलं, तर मी आन् मुक्ता फुडल्या आठवड्यातबी बसतो. मला लय बरं वाटलं हितं.”

पुढचा आठवडा पवित्र आठवडा. उत्तम शुक्रवारपासून, म्हणजे गुड फ्रायडेपासून, ईस्टरपर्यंत मिशनचे तीन साहेब बायकापोरांसह बंगल्यावर राहायला येणार होते. त्यांच्या पोरांना सकाळी अंडी लागत, आणि बंगल्यात कोंबडी नव्हती. अंडी कुठून आणायची, किती वेळ उकडायची, हे मास्तरांना तीन जन्मांत कळले नसते.

मास्तरांनी तोंड मिटले. ते परत मुक्ताच्या चित्रापाशी गेले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. बाहेर मालगाडी घाट चढत होती, ती निघून जाईपर्यंत ते उभे होते. मग त्यांनी डोळे उघडले.

“मी घाई केली,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मी घर पाहिलं, दार पाहिलं नाही. दार उघडं आहे. प्रभू म्हणतो आहे, जा.”

चित्रातले दार उघडे नव्हते. मी तो कागद नंतर पाहिला आहे. दाराची एक रेघ जरा तिरकी गेली होती, एवढेच. मुक्ताला सरळ रेघ कधी येत नसे. पण सरुबाईंनी 'आमेन' म्हटले, शिक्षिकांनी म्हटले, आणि नंदाबाई उठून म्हणाल्या, “ठीक आहे. जूनच्या पहिल्या सोमवारी ये. दोन पांढरी लुगडी आण, आणि बांगड्या काढून ये.”

अंबूबाई उठल्या, चटई गुंडाळून चवडीवर ठेवली आणि आत गेल्या. पाहुण्यांना गाडीत खायला काहीतरी द्यायला हवे होते. थोड्याच वेळात धूर थांबला आणि भाजलेल्या भाकरीचा वास आला.

मुक्ता जूनमध्ये गेली. तिला स्टेशनवर पोचवायला मास्तर पुढे पुढे चालले, ट्रंक अल्लाबक्ष फिटरने उचलली. आणि त्या उघड्या दाराची गोष्ट मास्तरांनी मरेपर्यंत सांगितली. प्रत्येक मौनाच्या पहिल्या दिवशी सांगितली. एकाच चित्रात आधी माणसाला घर दिसते, मग प्रभू दार दाखवतो, ही त्यांची सर्वांत गाजलेली शिकवण झाली. एका मासिकात ती छापूनही आली, चुलीचा भाग सोडून. त्या दिवशी आपण हरलो होतो, असे त्यांना कधी वाटले असेल तर ते त्यांनी स्वतःलाही कळू दिले नाही. अशी माणसे फार सुखात जगतात.

मुक्ता गेली, पण तिच्या वाटचे काम गेले नाही. अंथरुणे, पाणी, रंगाच्या वाट्या, सगळे अंबूबाईंकडे आले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मिशनने बंगला दुसऱ्या कामाला घेतला, तोवर आणखी पाच-सहा वर्षे ती शांतता त्या एकट्याच तयार करत राहिल्या. मास्तर चव्वेचाळीस साली गेले. नंतरच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी उघड्या दाराची गोष्ट पुन्हा सांगितली. मुक्ता तेव्हा स्टाफ नर्स झाली होती. ती पांढऱ्या लुगड्यात पुढच्या बाकावर बसून ऐकत होती, तिने एकदाही वर पाहिले नाही.

प्रार्थना सुटल्यावर मी अंबूबाईंच्या जवळ बसले. त्यांचे गुडघे सुजलेले होते. मी त्यांना विचारले, “एवढा उपाय हाती सापडला होता. मग पुन्हा कधी का बसला नाहीत?”

त्यांनी मला वेड्यात काढावे तसे माझ्याकडे पाहिले.

“तवा मुक्तासाटी बसले व्हते,” त्या म्हणाल्या. “माज्यासाटी बसायचं म्हंजी काय मागाया बसायचं, त्ये मला सुचलंच न्हाई.”

मग त्या भिंतीला धरून उठल्या आणि लोकांनी चहा पिऊन ठेवलेले कप गोळा करायला लागल्या. मुक्ता आली, तिने त्यांच्या हातातले कप काढून घेतले आणि त्यांना परत बसवले. त्या बसल्या, पण खुर्चीच्या अगदी काठावर.